कुलूपबंद घरे आणि रांगेतली माणसे

घरांचा तुटवडा आहे हे खरे, आणि घरे रिकामी पडून आहेत हेही खरे. या दोन गोष्टी एकाच शहरात, एकाच वर्षी खऱ्या असू शकतात. इंग्लंडमध्ये २०२४ साली सार्वजनिक घरासाठी नाव नोंदवून थांबलेली कुटुंबे १३ लाखांवर होती. एक लाखाहून अधिक बेघर कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात दिवस काढीत होती. त्याच वर्षी कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, स्वतःच्या मालकीची तीस हजारांहून अधिक घरे रिकामी होती. सर्व प्रकारच्या मालकीची, सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामी असलेली घरे मोजली तर आकडा अडीच लाखांवर जातो.

हे सारे साहेबाच्या देशातले, त्याच्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. सरकारने बांधलेले घर गरिबापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न तिथे शंभराहून अधिक वर्षे विचारला जात आहे. त्यासाठी तिथे कायदे झाले, आंदोलने झाली, चौकश्या झाल्या. या साऱ्यातून जे शिकण्यासारखे आहे, ते आपल्या वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कौन्सिलचे घर म्हणजे काय

१८९० साली ब्रिटनमध्ये कामगारवर्गाच्या घरांसंबंधीचा कायदा झाला. त्या कायद्याखाली लंडन कौंटी कौन्सिलने शोरडिच भागातली ओल्ड निकोल नावाची गलिच्छ वस्ती पाडून तिथे बाउंडरी इस्टेट ही वसाहत बांधली. १९०० साली तिचे उद्घाटन झाले. इमारती देखण्या होत्या, पण पाडलेल्या वस्तीतल्या मूळ रहिवाशांपैकी फारच थोड्यांना तिथे राहायला मिळाले. भाडे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्यांच्या नावाने घर बांधायचे त्यांनाच ते परवडू नये, हा अनुभव सार्वजनिक घरांच्या जन्माइतकाच जुना आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या कायद्याने, कौन्सिलांना घरे बांधण्यासाठी सरकारी अनुदान मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्युरिन बेव्हन या मजूर पक्षाच्या मंत्र्याने या कामाला मोठी गती दिली. १९८० च्या सुमारास ब्रिटनमधले जवळजवळ एक तृतीयांश लोक कौन्सिलच्या घरात राहत होते. भाडे आठवड्याचे, मालक कौन्सिल, आणि नियम पाळले तर भाडेकरूला हुसकावता येत नाही, असे हे घर.

१९८० साली थॅचरबाईंच्या सरकारने भाडेकरूला आपले घर सवलतीच्या दरात विकत घेण्याचा हक्क दिला. एकट्या इंग्लंडमध्ये आजवर सुमारे वीस लाख घरे अशी विकली गेली. ज्यांना घेता आली त्यांचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बागेची, चांगल्या वस्तीतली घरे आधी विकली गेली आणि उंच इमारतींतले ओलीने धरलेले फ्लॅट कौन्सिलकडे उरले. विक्रीच्या पैशातून पुन्हा घरे बांधण्यावर सरकारने बंधने घातली. परिणामी उरलेल्या प्रत्येक घराची किंमत गरजूच्या दृष्टीने वाढली. असे घर एक महिना जरी बंद राहिले तरी रांगेतल्या कोणाचा तरी एक महिना वाया जातो.

घर रिकामे कसे होते

रिकामी घरे दोन जातींची असतात. एक, एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायचा आहे, अशा मधल्या काळातले घर. दुसरे, कौन्सिलने ठरवून रिकामे ठेवलेले घर. कौन्सिलच्या दप्तरात दोन्हींना ‘व्हॉइड’ असा एकच शब्द आहे. या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात, म्हणून त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पहिल्या प्रकारात काय घडते ते क्रमाने पाहू. भाडेकरू चार आठवड्यांची नोटीस देतो. किल्ल्या जमा होतात. कुलूप बदलले जाते. गॅस बंद करून तपासला जातो, विजेच्या तारा तपासल्या जातात. जुन्या भाडेकरूच्या नावावर मीटरची थकबाकी असेल तर वीज कंपनीशी पत्रव्यवहार होतो. जुन्या बांधकामात ॲस्बेस्टॉस असेल तर त्याची वेगळी पाहणी होते. मग दुरुस्तीची यादी, मग कंत्राटदार, मग साफसफाई, मग पुन्हा तपासणी. त्यानंतर घर वाटप खात्याकडे जाते. यादीतल्या कुटुंबाला पत्र जाते, ते घर पाहायला येते, पसंत पडले तर सही करते. नाही पडले तर पत्र पुढच्या कुटुंबाला जाते.

यातले प्रत्येक काम दोनचार दिवसांचे आहे. दिवस खर्ची पडतात ते दोन कामांच्या मध्ये. दुरुस्ती झाल्याचे वाटप खात्याला आठवडाभर कळत नाही. किल्ली एका कचेरीत आणि सुतार दुसऱ्या टोकाला, असे होते. एका घराची जबाबदारी सहा जणांवर असली म्हणजे ती कोणावरच नसते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका कौन्सिलकडे दहा हजार घरे आहेत आणि वर्षाला त्यातली ६०० रिकामी होतात. प्रत्येक घर पुन्हा भाड्याने जायला ६० दिवस लागले तर वर्षात ३६ हजार दिवस वाया गेले, म्हणजे सुमारे ९९ घरे वर्षभर बंद ठेवल्यासारखे झाले. तेच काम २५ दिवसांत झाले तर हा आकडा ४१ वर येतो. एकही वीट न रचता ५८ घरे मिळाली. शिवाय बुडणारे भाडे वाचले, आणि बेघर कुटुंबांच्या तात्पुरत्या निवाऱ्यावर होणारा खर्चही तेवढा कमी झाला.

हे दिवस कमी करण्याचे उपाय साधे आहेत. नोटीस येताच, भाडेकरू घरात असतानाच, पाहणी करायची आणि दुरुस्तीची यादी तयार ठेवायची. त्याच चार आठवड्यांत पुढच्या कुटुंबाची निवड करायची. घर कोणत्या अवस्थेत द्यायचे याचे लेखी प्रमाण ठरवायचे, म्हणजे रोज नवा वाद होत नाही. सुरक्षिततेची कामे आधी उरकायची, किरकोळ कामे माणूस राहायला आल्यावर करायची. प्रत्येक घरामागे एकच जबाबदार कर्मचारी नेमायचा आणि किती दिवस लागले ते लोकांसमोर मांडायचे.

सत्तरीच्या दशकात काही वसाहती अशा होत्या की रांगेतली माणसेसुद्धा तिथले घर नाकारीत. जिने अंधारे, लिफ्ट बंद, काचा फुटलेल्या. एक घर रिकामे राहिले की तिथे मोडतोड होते, मग शेजारचा माणूसही घर सोडायच्या मागे लागतो. अशा वसाहतींसाठी १९७९ साली ब्रिटिश सरकारने एक प्रयोग सुरू केला. त्यात ॲन पॉवर या अभ्यासक बाईंचा मोठा वाटा होता. प्रयोगाचे सार एवढेच की दूरच्या मुख्य कचेरीऐवजी वसाहतीतच छोटी कचेरी उघडायची, तिथेच दुरुस्ती करणारी माणसे आणि रखवालदार ठेवायचे, आणि रहिवाशांना निर्णयात घ्यायचे. जिथे हे नेटाने झाले तिथे रिकामी घरे भरू लागली. लोकांना घर नको होते असे नव्हते. टाकून दिलेल्या वस्तीत टाकून दिल्यासारखे राहणे त्यांना नको होते.

ठरवून रिकामे केलेले घर

दुसरा प्रकार व्यवस्थापनाच्या ढिलाईतून येत नाही. तो धोरणातून येतो. पूर्व लंडनमधल्या रेडब्रिज कौन्सिलने साठीच्या दशकात इलफर्डच्या पुनर्विकासासाठी घरे घेतली आणि ती बंद ठेवली. पुनर्विकासाला अजून अवकाश होता. १९६९ साली बेघर कुटुंबे त्या घरांत शिरून राहू लागली. नोव्हेंबर १९६८ मध्ये सुरू झालेली लंडन स्क्वॉटर्स मोहीम त्यांच्या पाठीशी होती. तेव्हा कौन्सिलने काय केले? घरांतले संडास फोडले, जमिनी उखडल्या, नळ तोडले, म्हणजे घर राहण्याजोगेच उरू नये. सार्वजनिक पैशाने घेतलेले घर सार्वजनिक पैशानेच निकामी केले. या प्रकाराची एवढी छी:थू झाली की कौन्सिलला तडजोड करावी लागली. त्याच वर्षअखेरीस लुइशॅम कौन्सिलने बेघरांच्या संघटनेशी रीतसर करार करून, पाडायच्या घरांत पाडण्याच्या दिवसापर्यंत कुटुंबांना राहू दिले. अल्पमुदतीच्या वापराची ही पद्धत पुढे अनेक कौन्सिलांनी स्वीकारली. ती सरकारी डोक्यातून निघालेली नव्हती, लोकांनी ती भाग पाडली होती.

रोग मात्र गेला नाही. साउथवर्कमधली हेगेट इस्टेट ही हजारावर घरांची वसाहत पुनर्विकासासाठी रिकामी केली गेली आणि पाडकाम पुरे होईपर्यंत तिथली घरे वर्षानुवर्षे बंद राहिली. न्यूहॅममधल्या कार्पेंटर्स इस्टेटची गोष्ट अशीच आहे. ऑलिंपिकच्या मैदानालगतची ही वसाहत. तिथले शेकडो फ्लॅट कौन्सिलने हळूहळू रिकामे केले. २०१३ साली त्याच भागातल्या एका वसतिगृहातल्या तरुण मातांना जागा सोडण्याच्या नोटिसा आल्या आणि लंडनपासून दूरच्या शहरांत जाण्याचे पर्याय पुढे ठेवले गेले. सप्टेंबर २०१४ मध्ये या बायकांनी कार्पेंटर्स इस्टेटमधले काही रिकामे फ्लॅट ताब्यात घेतले. आतली स्वयंपाकघरे, न्हाणीघरे ठाकठीक होती. त्यांच्या फलकावर लिहिले होते, या लोकांना घरे हवीत, या घरांना लोक हवेत. पुढे न्यूहॅमच्या महापौरांना वर्तमानपत्रातून जाहीर माफी मागावी लागली.

कायदा मात्र उलट दिशेने गेला होता. रिकाम्या निवासी इमारतीत शिरून राहणे हा इंग्लंड आणि वेल्समध्ये १ सप्टेंबर २०१२ पासून फौजदारी गुन्हा झाला. घर रिकामे ठेवणाऱ्या खाजगी मालकाविरुद्धही कायदे आहेत. २००४ च्या कायद्याने कौन्सिलला असे घर काही वर्षे आपल्या व्यवस्थापनाखाली घेता येते, पण ही तरतूद फार क्वचित वापरली जाते. घर दीर्घकाळ रिकामे ठेवल्यास कौन्सिल-कर दुप्पट, आणि दहा वर्षांनंतर चौपट करण्याचा अधिकार कौन्सिलांना आहे. एप्रिल २०२४ पासून दुपटीची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आली. रिकाम्या घरात शिरणाऱ्याला तुरुंग आणि रिकामे ठेवणाऱ्याला वाढीव कर, असा हा न्याय आहे.

किल्ली कोणाच्या हाती

आता या विषयातल्या मर्माकडे यावे लागेल. घर रिकामे झाले, दुरुस्त झाले. ते कोणाला मिळणार?

सत्तरीच्या दशकात पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात शिवणकाम करणारे बंगाली कामगार आपली बायकामुले आणू लागले. राहायला जागा नाही. कौन्सिलच्या यादीत नाव घालायचे तर त्या भागातल्या वास्तव्याच्या अटी. त्यातूनही घर मिळाले तर ते दूरच्या अशा वसाहतीत, की जिथे एकटे बंगाली कुटुंब दिसताच दारावर दगड येत. आणि इकडे ब्रिक लेनच्या आसपास कौन्सिलच्या मालकीच्या जुन्या इमारती रिकाम्या पडलेल्या. या कुटुंबांनी त्या ताब्यात घेतल्या, स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या, रात्री पहारे ठेवले. १९७६ साली त्यांनी बंगाली हाउसिंग ॲक्शन ग्रुप ही संघटना उभारली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार बंगालीतल्या ‘वाघ’ या शब्दाशी जुळतो. तिच्या उभारणीत पुण्यात जन्मलेले लेखक फारूख धोंडी आणि माला सेन होते. दोघेही ब्रिटनमधल्या ब्लॅक पँथर चळवळीतून आलेले. आपल्याकडे १९७२ साली पँथर हे नाव ज्या अमेरिकन चळवळीवरून घेतले गेले, तिचीच ही दुसरी शाखा.

त्यांची मागणी काय होती? फुकट घर नव्हे. आम्हांला जिथे जीव सुरक्षित आहे तिथे, भाडे देऊन, राहू द्या. तेव्हा ग्रेटर लंडन कौन्सिलने १९७७ साली अशा ताबेदारांना रीतसर भाडेकरू करून घेण्याची योजना जाहीर केली. पुढच्या वर्षी काही इमारती बंगाल्यांसाठी राखण्याचा विचार निघाला तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘घेट्टो’ म्हणून ओरड केली. याच वर्षी, ४ मे १९७८ रोजी, अल्ताब अली या तरुण कामगाराचा वर्णद्वेष्ट्यांनी खून केला होता. ज्यांनी बंगाल्यांना शेजारी म्हणून कधी स्वीकारले नाही, तेच आता बंगाली वेगळे राहतात म्हणून गळा काढू लागले. गावकुसाबाहेर वस्ती ठेवणारे आणि वर वस्तीलाच ‘हे आपापल्यात राहतात’ म्हणून दूषण देणारे आपण पाहिले आहेत. हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही.

वाटपातला भेदभाव सिद्ध कसा करायचा, याचा धडा हॅकनी कौन्सिलच्या चौकशीने दिला. वंशसमानता आयोगाने तिथल्या १९७८-७९ मधल्या वाटपाची कागदपत्रे तपासली आणि १९८४ साली अहवाल प्रसिद्ध केला. नियमांच्या पुस्तकात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. प्रत्यक्षात गोऱ्यांना नवी घरे, खालचे मजले, स्वतंत्र बंगलीवजा घरे अधिक मिळत होती. काळ्यांच्या वाट्याला जुने फ्लॅट आणि वरचे मजले येत होते. कुटुंबाचा आकार, गरज, यादीतले स्थान, सारे जुळवून पाहिले तरी हा फरक उरतच होता. म्हणजे भेदभाव नियमात नव्हता, पत्र लिहिणाऱ्या हातात होता. तो एका अर्जावरून दिसत नाही. हजार अर्ज शेजारी ठेवले म्हणजे दिसतो.

आमच्या विद्यार्थ्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तालुक्याहून शहरात शिकायला आलेला मुलगा खोली शोधत फिरतो. खोली रिकामी असते, दारावर पाटी असते. मालकीणबाई प्रेमाने बोलतात. मग आडनाव विचारले जाते, आणि ती खोली ‘कालच गेलेली’ असते. पहिल्या पिढीचा पदवीधर झालेल्या माझ्यासारख्या अनेकांनी या ‘काल’चा अनुभव घेतला आहे. खाजगी घरमालकाचा हा प्रश्न निराळा. पण सरकारी घराचे वाटप करणाराही याच समाजातून खुर्चीवर आलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

मुंबईकडे पाहताना

रिकाम्या सार्वजनिक घरांचा इतिहास मुंबईलाही आहे. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने गिरणीकामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा घाट घातला. त्यासाठी कापसाच्या गाठीवर कर बसवला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी, सोळा हजारांवर खोल्या उभ्या राहिल्या. पण खिडकीच्या जागी काँक्रीटच्या जाळ्या, आत अंधार, वरळी गिरण्यांपासून लांब, आणि भाडे न झेपणारे. कामगार गिरणगावात एकेका खोलीत दाटीने राहत होता, रस्त्यावर झोपत होता, आणि बी.डी.डी.च्या कित्येक खोल्या वर्षानुवर्षे ओस होत्या. कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग झाला. ज्या खोलीत कामगार राहायला आला नाही, ती कैदी ठेवायला मात्र चालली!

पुढे याच चाळींत दलित कामगारांनी संसार थाटले आणि ओसाड खोल्यांची वस्ती केली. जानेवारी १९७४ च्या वरळीच्या दंगलीत त्यांनी मारही खाल्ला. आता या चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडून होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

ताजे उदाहरण माहुलचे आहे. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांसाठी सतरा हजारांच्या आसपास घरे बांधली गेली. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून तिथल्या लोकांना इथे आणले. इथली हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. लोकांनी लढा दिला, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना तिथे राहण्याची सक्ती करू नये, पर्यायी घर किंवा भाड्याचे पैसे द्यावेत, असा आदेश दिला. माहुलची हजारो घरे रिकामी राहिली. २०२५ साली महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. दप्तरात त्यांची गणना घर म्हणून होते. ज्या खोलीत श्वास घेता येत नाही तिला घर म्हणायचे का, हा प्रश्न दप्तराला पडत नाही.

म्हणून रिकाम्या घराचा आकडा हाती आला की लगेच ‘भरा’ म्हणून घोषणा देणे पुरेसे नाही. वरळीत भाडे आणि अंतर आडवे आले, माहुलला हवा, बाउंडरी इस्टेटला भाडे, स्पिटलफील्ड्सला वर्ण, कार्पेंटर्सला जमिनीचा भाव. कारण ओळखल्याशिवाय उपाय सापडत नाही. रिकामी घरे भरल्याने नवी बांधण्याची गरजही संपत नाही. इंग्लंडमधली तीस हजार घरे उद्या भरली तरी तेरा लाखांची रांग संपणार नाही. नवी घरे बांधायला पैसा नाही, हे सांगणाऱ्या सरकारला, आहेत ती तरी का बंद ठेवलीत, हे विचारण्याचा अधिकार मात्र आपल्याला त्यातून मिळतो.

काय विचारावे

कार्यकर्त्यांनी आपल्या शहरातल्या महापालिकेला, म्हाडाला, नगरपरिषदेला पुढील प्रश्न लेखी विचारावेत. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे.

१. आपल्या मालकीची किती घरे आज रिकामी आहेत? प्रत्येक घर कोणत्या तारखेपासून रिकामे आहे?

२. प्रत्येक घर रिकामे असण्याचे कारण काय? दुरुस्ती, वाटप रखडले, न्यायालयीन वाद, पुनर्विकास, की लोकांनी नाकारले? नाकारले असल्यास कशामुळे?

३. पाडण्यासाठी रिकामी केलेली घरे पाडण्याची तारीख काय? तोवर ती कुटुंबांना का दिली जात नाहीत?

४. गेल्या पाच वर्षांत वाटप झालेल्या घरांपैकी अनुसूचित जाती-जमातींना किती मिळाली? कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, कोणत्या वस्तीत?

५. जबाबदार अधिकारी कोण?

चौथ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. राखीव हिस्सा भरला, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. हॅकनीतही घरे काळ्यांना मिळत होती. कोणती मिळत होती, हे मोजल्यावरच खरे काय ते बाहेर आले. आपले विद्यार्थी हे मोजू शकतात. समाजशास्त्राच्या, अर्थशास्त्राच्या वर्गांतल्या मुलांनी एकेका वसाहतीची अशी पाहणी हाती घेतली, तर वर्षभरात आपल्याकडे जो कागद तयार होईल तो कोणत्याही मोर्चाला बळ देईल.